मस्तगडचे हंडे

मंगळवार, संध्याकाळ

हात दुखून राह्यलेत, तरी लिहिते. पोरींच्या कॉलेजसाठी बस मागायला आम्ही जाफराबादकडच्या बाया चार दिवसांपासून जालन्यात धरण्याला बसलो होतो. पाण्याची जबाबदारी माझी. सकाळी टँकरवाल्याचा फोन, "ताई, आज जमणार न्हाई." एकाच माणसावर भरवसा का ठेवला मी? मंग जवळच्या मस्तगड वस्तीत गेले, दारोदार हंडाभर पाणी मागितलं. एक म्हातारी म्हणाली, "चल, मीच हंडा घेऊन येते." तिच्यामागं गल्लीच निघाली! दुपारपर्यंत मांडवात हंड्यांची रांग. तहानेनं एकही बाई उठली न्हाई. पाचला एसटीचे मोठे साहेब स्वतः आले, बसचं लेखी दिलं. सोमवारी पोरी बसनं जातील, अन् उद्या मी बिलकुल उठणार न्हाई, दुपारपर्यंत झोपणार!