माल्टाची भाषा, अव्वाची भाषा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
१२ मार्च १९७६

ती. सोमलिंगअण्णास,

दाक्षायणीचे शरणु शरणार्थ.

तुझं माल्टाचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इथं ऊन आत्ताच तापायला लागलंय. दुकानात चादरींना गिऱ्हाईक कमी आहे, लग्नसराईत वाढेल असं हे म्हणतात. यांचा खोकला उतरला. महादेवीची बी.ए.ची परीक्षा जवळ आलीय.

तुझं पत्र तिनंच मोठ्यानं वाचलं, आपल्या अव्वाच्या खाटेशी बसून. गोदीतल्या माणसांकडून तू त्यांची भाषा शिकतोयस आणि शिकताना लहानपणची बर्मी आठवतेय, हे वाचून ती हरखलीच. तिथले लोक ख्रिस्ती, पण चर्चमध्ये देवाला 'अल्ला' म्हणतात. लिपी इंग्रजी, शब्द निम्मे अरबांचे, निम्मे इटलीचे, आणि त्याची कुणाला लाज नाही, असं तू लिहिलंस. महादेवीनं ते वाक्य दोनदा वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. मी लसूण सोलत होते. सोलत राहिले.

तिला सगळ्यात आवडलं ते 'किल्त'. 'जेवलास का?' लाही किल्त आणि 'जेवलो' लाही किल्त, फक्त सूर वेगळा. बर्मीत मात्र सूर बदलला की शब्दच बदलतो. एका सुरात 'ला' म्हणजे चंद्र, दुसऱ्यात 'ये', तिसऱ्यात प्रश्नाचा 'का', आणि तो आपल्या 'का'सारखाच वाक्याच्या शेवटी बसतो. हे वाचलं तेव्हा अव्वा हसली, अण्णा. दुखण्यानंतर पहिल्यांदाच हसली. मग तिनं तिन्ही 'ला' म्हणून दाखवले, एकेक, सावकाश.

आता तू थांबशील. कारण मी तुला लिहिलं होतं, अव्वाची वाचा गेली.

वाचा गेलेली नाही. अर्धांगाच्या झटक्यात तिची मराठी गेली, कानडी गेली. बर्मी राहिली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, लहानपणची भाषा तेवढी उरते. आपलं बोलणं तिला सगळं समजतं. तोंडातून येते ती बर्मीच, रंगूनच्या घरात बोलायची तशी स्वच्छ.

तुला खोटं का लिहिलं? तुला कळलं असतं तर तू महादेवीला कौतुकानं पानंच्या पानं लिहिली असतीस आणि ती कॉलेजभर सांगत फिरली असती. आपल्या आप्पांनी बोटीतून उतरताना आपल्याला काय बजावलं होतं ते तू विसरला नसशील. अव्वा रंगूनच्या लिंगायत व्यापाऱ्याची लेक, नाव नागम्मा, असंच सगळ्यांना सांगायचं, आणि तिनं सोलापुरात बर्मी एक अक्षर बोलायची नाही. तिनं पाळलं. तू पुढं जहाजावर गेलास, तुला कुणी विचारलं नाही. मी इथं यांच्या नातलगांत नांदले. यांना लग्नाआधी आप्पांनी खरं सांगितलं होतं, बाकी कुणाला नाही.

झटक्यानंतरचे कितीतरी दिवस अव्वा 'ये, ये' म्हणायची आणि महादेवी धावत तिच्याजवळ जाऊन बसायची. अव्वाला पाणी हवं असायचं. मी तांब्या पुढं करायची. "तुला कसं कळलं, आई?" म्हणून तिनं विचारलं, तर म्हटलं, "अंदाजानं." तुझं पत्र आल्यावर त्यात बर्मीत 'ये' म्हणजे पाणी असं निघालं. त्या दिवसापासून आजीपाशी बसून एकेका वस्तूवर बोट ठेवून नावं विचारायला लागली.

गेल्या रविवारी महादेवीला बघायला माणसं आली होती. अक्कलकोटची, आडतीचा धंदा, चांगलं घर. मुलगा बँकेत. मुलाचे वडील गुरप्पा आणि आत्या शिवबाई. मी सकाळीच अव्वाला मागच्या खोलीत नेऊन निजवलं. आणि बाहेरून कडी लावली. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

पोहे झाले, बोलणं छान चाललं होतं. शिवबाई मोकळ्या स्वभावाच्या. म्हणाल्या, "म्हातारी कुटं हाय? पाया पडून येते की."

मी म्हटलं, "निजल्यात. आजारी असतात."

"आजारी माणसाला तर भेटायलाच पायजे," म्हणत त्या उठल्या. माझ्याआधी दारापाशी पोचल्या. कडी त्यांनीच काढली.

अव्वा जागी होती. परकं माणूस बघितलं तशी ती एका हातावर जोर देऊन उठून बसली. पदर डोक्यावर घेतला. आणि हसून म्हणाली, "थमिन सा पी बी ला?"

"काय म्हणत्यात हो?"

मी म्हटलं, "काही नाही. झटक्यानंतर असंच बडबडतात. त्याला अर्थ नसतो."

अव्वानं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं असावं, आपला उच्चार नीट आला नाही. तिनं पुन्हा म्हटलं, सावकाश, शब्द सुटे करून. आणि मी तिचा खांदा दाबून म्हणाले, "गप की, अव्वा! किती बडबड!"

माझ्यामागं महादेवी उभी होती. तिनं शांतपणे सांगितलं, "जेवलात का, म्हणून विचारतीय आजी. बर्मी हाय तिची भाषा. आजीच बर्मी हाय."

शिवबाई वाईट वागल्या नाहीत, हे खरं सांगायला हवं. "झालं की आव्वा, आत्ताच पोहे खाल्ले," असं म्हणाल्या. पण पाया पडायच्या राहिल्या त्या राहिल्याच. बाहेर चहा निवत होता, तो कुणी घेतला नाही. बुधवारी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

महादेवीला मी विचारलं, "तुझं नुकसान झालं ना गं?" ती म्हणाली, "तुझ्या कडीनं झालं असतं." आणि अभ्यासाला बसली.

तुला वाटत असेल, सोयरीक मोडली म्हणून मी रडतेय. तसं नाही, अण्णा. रविवारपासून अव्वा बोललेली नाही. भरवलं की खाते, तांब्या लावला की पिते. महादेवी तास तास बसते, वस्तूंवर बोट ठेवते. अव्वा डोळे मिटून घेते. मी तुला खोटं लिहिलं होतं, ते आता खरं झालं.

आणि मला अर्थ कळला होता. तिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हाच कळला होता. रंगूनला आपण खेळून आलो की ती दारातून हेच विचारायची, आणि शेजारीण आली की तिलाही हेच. तू 'सा पी बी' म्हणून ओरडायचास, मी तुझ्यामागून. मी सात वर्षांची होते, पण ते विसरण्यासारखं नाही. तिच्या घरी पाहुणे आले, तिनं रीतीनं विचारपूस केली, आणि तिच्या लेकीनं चारचौघांत तिला वेडी ठरवलं.

काल दुपारी मी तिच्याजवळ बसून 'सा पी बी, अमे' म्हणाले. जेवले, आई. सूर बरोबर लागला की नाही देव जाणे. इतक्या वर्षांत तोंडातून काढला नव्हता तो. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, आणि कूस बदलली.

तू सुटी काढ. भाड्याची अडचण असेल तर कळव, पण ये. तिच्याशी तिच्या भाषेत बोलेल असं या गावात कुणी नाही. मी होते.

दरवेळी पत्राच्या शेवटी मी 'अव्वाचे अनेक आशीर्वाद' असं लिहीत आले. तिला न विचारताच लिहायची. आज लिहीत नाही.

दाक्षायणी