मस्टँगच्या पोटात कॅमॅरो

चँडलर, १२ फेब्रुवारी २०२४

ती. पुरुमामांस,
अथर्वचा सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेल तुम्ही उघडत नाही, तेव्हा आईकडून उलटसुलट कळण्याआधी मीच लिहितो. मी वीरला मारलं. हॉस्पिटलच्या पार्किंग लॉटमध्ये. जबड्यावर दोन ठोसे आणि खाली पडल्यावर एक लाथ. त्याचा दात पडला, माझ्या हाताची हाडं मोडली. पोलिसांनी नेलं, बाबांनी सोडवून आणलं. कोर्टाने आता राग आवरण्याच्या क्लासला बसवलंय. तिथे शिकवणाऱ्या बाईंचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

आधी कारण वाचा, मग रागवा. रुचा तुम्हाला माहीत आहे, आमच्या मागच्या गल्लीतल्या गुरुनाथकाकांची. आठवीत असल्यापासून मी तिच्या घरासमोरून हँडल सोडून सायकल चालवायचो. मागच्या ऑक्टोबरात तिने मला फोनवर सांगितलं की तिचं आता वीरशी जमलंय. त्याच दिवशी मी कॉलेज सोडलं, तुम्ही दिलेली मस्टँग काढली आणि ॲन आर्बरहून निघालो तो तिच्या दारात जाऊन उभा राहायला. पोचलो ते टो ट्रकमध्ये बसून. न्यू मेक्सिकोत इंजिन फुटलं, मामा. आतला रॉड इंजिनाचं लोखंड फोडून बाहेर आला. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

तर हा वीर. त्याच्याकडे सत्तरच्या दशकातली जुनी कॅमॅरो होती. रुचाला शेजारी बसवून रेस लावली आणि कालव्याच्या काँक्रीटच्या भिंतीवर घातली, ती नेमकी तिच्या बाजूने. तिची मांडी दोन ठिकाणी मोडली, आत रॉड घातलाय. वीरला खरचटलंसुद्धा नाही. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तो बाहेर कोणाच्यातरी गाडीला टेकून कॉफी पीत होता. कॉफी पीत होता, मामा.

आपली मस्टँग रॅमॉनच्या गॅरेजमध्ये उभी आहे. मी तिथेच कामाला लागलोय. हवं तितकं ओरडा, पण पत्र मोठं लिहा.

तुमचा,
अथर्व


ॲन आर्बर, २१ फेब्रुवारी

चि. अथर्व यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यासाठी, दुसऱ्यांदा गाडीसाठी. एकोणसत्तरची मस्टँग. तुझी संध्यामामी असताना आम्ही तिच्यातून अख्खा देश पालथा घातला, आणि तू तिला चार महिने मेलेली ठेवून मला काल कळवतोस. तुझ्या आईने, मालिनीने लिहिलं होतं, दादा, त्याचं डोकं फिरलंय. मी उलट लिहिलं, डोकं नंतर बघू, आधी इंजिनाचं काय ते कळू दे.

मूर्खा, जबड्यावर मूठ मारायची नसते. हाडावर हाड आपटलं की लहान हाड मोडतं. हे कॉलेज न सोडणाऱ्यांना दुसऱ्या वर्षाला शिकवतात. अर्थात तो कॉफी पीत होता हे वाचून मीसुद्धा टेबलावर मूठ आपटली, आणि मनगट दुखतंय.

कॉलेजात पुढच्या सप्टेंबरात परत घेतात, मी चौकशी केली आहे. तुझी खोली झाडून ठेवली आहे. इंजिनाचं म्हणशील तर त्याच साच्यातलं फोर्डचं जुनं इंजिन शोध, थांबावं लागलं तरी थांब. रुचा कशी आहे ते लिही.

ओरडून झालं. लोभ होता तेवढाच आहे, हे वेगळं सांगायला नको.

तुझा,
पुरुमामा


चँडलर, ११ मार्च

ती. पुरुमामांस,
सा. न. वि. वि.

प्लास्टर निघालं. मूठ पूर्ण मिटत नाही, पण पाना धरता येतो.

आता बसून वाचा. वीरची कॅमॅरो भंगारवाल्याकडे आली होती, ती मी उचलली. मार बाजूने बसल्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स शाबूत आहेत. ते इंजिन मी आपल्या मस्टँगमध्ये घालणार आहे. होय, शेव्हीचं, फोर्डच्या गाडीत. तुम्ही खुर्चीतून उठलात ते मला इथून दिसतंय.

रॅमॉन विचारत होता की बाबा रे, हेच इंजिन का, जगात दुसरी कमी आहेत का. मी त्याला सांगितलं की हॉस्पिटलनंतर जो तिच्याकडे फिरकलाही नाही त्या भित्र्याला जे सांभाळता आलं नाही ते मी सांभाळून दाखवणार. त्याच्या गाडीचं काळीज उपटून माझ्या गाडीत बसवणार आणि एक दिवस तिच्या दारात नेऊन उभं करणार. तिला कळू दे, कोण पळाला आणि कोण उभा राहिला. रॅमॉनने मान हलवली आणि इंजिन उचलायची साखळी आणायला गेला.

कॅमॅरो मी एकट्याने फाडली. उजवीकडच्या सीटवर तिचं रक्त वाळून काळं पडलं होतं. ती सीट चाकूने उभी चिरली, स्पंज हातांनी ओरबाडून काढला आणि ड्रममध्ये घालून जाळला. मग घण घेऊन डॅशबोर्ड फोडला, दरवाजे फोडले, फोडायचं काही उरेना तेव्हा छत फोडलं. तळहातांची सालं निघाली. रॅमॉन लांबून म्हणाला, ती गाडी मेली आहे, आता पुरे. क्लासच्या बाईंना यातलं काही सांगितलेलं नाही.

रुचा घरी आली आहे. मी रोज जातो. तिची आई, रेणूकाकू, दारातूनच सांगतात की ती कोणालाच भेटत नाही, रस्त्यावरून मोठी गाडी गेली तरी दचकून रडते. बिचारी. इंजिन बसलं की मी तिला मस्टँगमधून समुद्र दाखवायला नेणार आहे.

शिव्या दिल्यात तरी शेवटी आशीर्वाद लिहा.

तुमचा,
अथर्व


ॲन आर्बर, १९ मार्च

चि. अथर्व यास,
आशीर्वाद देतो, पण दात खाऊन. वि. वि.

माझ्या मस्टँगमध्ये शेव्ही. आमच्या फोर्ड कंपनीत कोणी दुसऱ्या कंपनीची गाडी घेऊन आला तर त्याला लॉटच्या पार टोकाला लावावी लागे आणि बर्फातून चालत यावं लागे. माझा एक मित्र बायकोची शेव्ही घेऊन आला म्हणून महिनाभर त्याच्याशी जेवताना कोणी बोललं नाही, मीही नाही. आणि माझा सख्खा भाचा माझ्याच गाडीचं पोट चिरून त्यात ते घालणार. यापेक्षा तू गाडी जाळली असतीस तर मी सुतक पाळून मोकळा झालो असतो.

रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून तुझ्यासाठी सोबतची आकृती काढली. पाप करायचंच तर नीट कर.

शेव्हीच्या इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा खोलगट भाग मागे असतो, आणि मस्टँगमध्ये नेमका तिथूनच स्टिअरिंगचा दांडा जातो. आहे तशी बसवलीस तर वळताना दांडा टाकीवर आपटेल. ती पुढे खोल असलेली करून घे. दुसरं, त्यांचा ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या टोकाला असतो. आपला पुढे. म्हणजे केबिनच्या पत्र्याला खोलगा पाडावा लागेल. घण नको, हातोडा घे, पत्रा तापव आणि हळू ठोक. इंजिन टेकवायचे माउंट नवे वेल्ड कर. बसल्यावर सगळ्यात आधी मला कळव, कार्बोरेटरचं काय करायचं ते मी सांगतो.

पोरगी सावरेल. तरुण हाडं लवकर जुळतात.

रागासकट लोभ आहे.

तुझा,
पुरुमामा


चँडलर, २६ एप्रिल

ती. पुरुमामांस,
सा. न. वि. वि.

बसलं.

तुमच्या आकृतीप्रमाणे टाकी बदलली. पत्रा मात्र हातोड्याने ऐकेना, शेवटी घणच घेतला, माफ करा. उतरवताना साखळी घसरली आणि अख्खं धूड रॅमॉनच्या पायाजवळ आपटलं. वीतभर इकडे असतं तर पाऊल गेलं असतं. माझ्या करंगळीचं नख गेलं. एक्झॉस्टचे पाइप बसेनात म्हणून पुढच्या चाकांवरचे पत्र्याचे दोन्ही कप्पे कापले. रॅमॉन म्हणतो की ही दुरुस्ती नाही, ही मारामारी आहे.

आणि पहिल्यांदा सुरू केली तेव्हा, मामा, भिंतीवरचे पाने खाली पडले. तुमच्या जुन्या इंजिनाचा आवाज गृहस्थाचा होता. हा साखळी तोडलेल्या कुत्र्याचा आहे.

शनिवारी गाड्यांच्या मेळाव्याला नेली. मस्टँगवाल्यांतला एक टकला माणूस आला, बॉनेट उघडं होतं, आत बघितलं आणि सरळ इंजिनावर थुंकला. गरम लोखंडावर थुंकी चरचरली. मी चाकाचा पाना उचलला. त्याच्या डोक्यापासून तो किती लांब राहिला ते सांगत नाही. रॅमॉनने मला मागून कंबरेला धरून उचललं आणि गाडीत कोंबलं. टकल्याच्या गाडीच्या आरशाचा मात्र मी जाता जाता चुरा केला.

रविवारी सकाळी तिच्याकडे जातोय. ती वॉकर धरून अंगणात चालते असं आई म्हणत होती. मला झोप येत नाही. ती बघेल, मग काय म्हणेल, याचीच शंभर उत्तरं बनवतो. हो म्हणाली तर कॉलेजलाही परत जाईन, तुमची शपथ.

पाठीवर हात असू द्या.

तुमचा,
अथर्व


ॲन आर्बर, १५ मे

चि. अथर्व यास,
अ. उ. आ. वि. वि.

तीन रविवार गेले. मालिनी लिहिते की तू घरी येत नाहीस आणि गॅरेजमध्ये झोपतोस. कार्बोरेटरबद्दल लिहायला बसलो होतो, पण हात चालेना. गाडीचं राहू दे. रुचा काय म्हणाली ते लिही, आणि वाईट असेल तर आधी ते लिही.

वाट बघतो.

तुझा,
पुरुमामा


चँडलर, २ जून

ती. पुरुमामांस,
सा. न. वि. वि.

वाईट आहे, म्हणून आधी तेच.

मी गल्लीच्या तोंडाशी मुद्दाम तीनदा ॲक्सिलरेटर दाबला, तिने बाहेर बघावं म्हणून. ती अंगणातच होती, वॉकर धरून, गुरुनाथकाका शेजारी. गाडी वळली आणि ती खाली पडली. पाय घसरला असेल असं मला वाटलं. तशीच चालू गाडी सोडून मी धावलो. ती पालथी पडून दोन्ही हातांनी कान दाबत होती आणि तोंडातून आवाज येत नव्हता, नुसतं तोंड उघडं. उचलायला गेलो तर दंडाला कडकडून चावली. रक्त आलं. मग तीच वॉकर ओढत, खुरडत गाडीपाशी गेली, उठली, आणि वॉकर उचलून दिव्यांवर घातला. काचेवर घातला. बॉनेटवर, परत काचेवर. काचा तिच्या हातात घुसल्या तरी थांबेना. सारखं एकच म्हणत होती की किल्ली फिरवा, कोणीतरी किल्ली फिरवा. मी उभाच होतो. शेवटी काकांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली.

मग ती जमिनीवर बसून शांतपणे बोलली. त्या दिवशी भिंतीवर आदळल्यावर वीर दार उघडून पळाला. गाडी पेट घेईल म्हणून लांब जाऊन उभा राहिला. तिचा पाय पत्र्यात अडकलेला, आणि त्याच वाकलेल्या पत्र्याने ॲक्सिलरेटर दाबून धरलेला. इंजिन पूर्ण ताकदीने किंचाळत राहिलं. किल्ली तिच्या बोटांपासून वीतभर लांब होती. तिने इंजिनाला हात जोडले, म्हणाली, लोखंडाला कोणी हात जोडतं का, मी जोडले. फायर ब्रिगेडवाल्याने येऊन बंद करेपर्यंत ते ओरडत होतं. अजून रोज ओरडतं. म्हणून गल्लीच्या तोंडाशीच तिने ते ओळखलं.

मी म्हणालो की मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, तू विचारलं नाहीस. एक जण ते चालू ठेवून पळाला आणि दुसरा ते उचलून माझ्या दारात घेऊन आला, तुम्हा दोघांचं भांडण तुमच्यात मिटवा, माझ्या गल्लीत पुन्हा येऊ नकोस.

रेणूकाकू काचा झाडत होत्या. मी झाडू मागितला, दिला नाही. गाडी तिथून हलवायची कशी? सुरू करायची माझी छाती होईना. मी दारातून स्टिअरिंग धरून ढकलायला लागलो, तर मागून जोर आला. गुरुनाथकाका होते. सबंध गल्ली त्यांनी माझ्याबरोबर ती ढकलली. वळणावर हात झटकले आणि परत गेले.

पाना घेऊन वीरच्या घराकडे निघालो होतो, हे लपवत नाही. त्याला मारून टाकायचं होतं. अर्ध्या वाटेवर कळलं की त्याचं डोकं फोडलं तरी ते इंजिन आता माझंच राहतं. परत फिरलो.

दुसऱ्या दुपारी गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत टो ट्रकने गाडी नेली. इंजिनातलं तेल सगळं काढून टाकलं. सुरू केली, ॲक्सिलरेटरवर काँक्रीटचा ठोकळा ठेवला, आणि उजव्या, तिच्या बाजूच्या सीटवर जाऊन पट्टा लावून बसलो. रॅमॉन ओरडत होता, काही ऐकू येत नव्हतं. आवाज आधी कानात होता, मग दातांत, मग पोटात. पत्रा तापून पायाला चटका बसायला लागला. धूर आत आला. लोखंड लोखंडाला खात होतं, ते ऐकू येतं, मामा, अगदी माणसासारखं. मला ओकारी झाली. शेवटी एक दणका झाला, आणि बॉनेट फाडून काहीतरी वर गेलं आणि रॅमॉनच्या कुंपणापलीकडे पडलं. मग नुसतं टिकटिक करत ते निवत राहिलं.

सगळा वेळ किल्ली माझ्या डाव्या हाताशी होती. दोनदा हात गेलाही. मला ती केव्हाही फिरवता आली असती. तिला येत नव्हती. तेवढाच फरक कळला, आणि तो ऐकून कळण्यासारखा नाही.

मला तिच्याजवळ जायचं होतं, मामा. या गावात आता ज्याला तिच्या गल्लीत पाऊल टाकता येत नाही असा एकटा मीच आहे. वीरलासुद्धा तिने तसं सांगितलेलं नाही, त्याला ती विसरली.

गाडीबद्दल रागावला असाल तर रागवा, पण दुसरं इंजिन सुचवू नका. लोभ ठेवा असं लिहायचा हक्क उरलाय की नाही ठाऊक नाही, तरी मागतो.

तुमचा,
अथर्व