पार्श्वभूमी वजा

सोमवार

आलो एकदाचे! सामान लावता लावता कंबरेचा काटा ढिला झाला, पण घर झकास आहे. स्वयंपाकघराला मोठी खिडकी, बैठकीत गार फरशी, आणि खाली राहणारे घरमालक कानाने जरा कमी. आमच्या टकळीसारखी पोरगी असताना याहून मोठं भाग्य ते काय! सहा वर्षांची आहे, पण तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की झोपेतच थांबतो. नवरोबा म्हणतो, आईवर गेली आहे.

मंगळवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस. काम आवाज मोजायचं. साहेब स्वतः इतक्या मोठ्यांदा बोलतात की पहिलं मोजमाप त्यांचंच घ्यावं. मला दिलेलं यंत्र जुनं आहे, हातात मावणारं. छापखान्यात नेऊन त्यांनी रीत शिकवली. आधी छपाईचं मशीन बंद ठेवून खोलीचा स्वतःचा आवाज घ्यायचा, म्हणजे पंख्याची घरघर, रस्त्यावरची वर्दळ. ती पार्श्वभूमी. मग मशीन चालू करून एकूण आवाज. त्यातून पार्श्वभूमी वजा केली की उरतो तो मशीनचा. ज्याचा आवाज हवा ते पार्श्वभूमी घेताना बंदच हवं, नाहीतर तेच वजा होऊन बसतं, असं त्यांनी बजावलं. मी मान डोलावली. एवढं तर कोणालाही कळेल.

शनिवार

सरावाला यंत्र घरी आणलं. पाण्याचा पंप मोजायचा होता. नवरोबा भाजी आणायला गेला होता. टीव्ही, पंखा, फ्रिज, सगळं बंद केलं. घर चिडीचूप झालं तेव्हा, माझा स्वतःचा आवाज त्यात नको म्हणून, बाहेर गॅलरीत जाऊन दाराच्या फटीतून यंत्र आत धरलं आणि पार्श्वभूमी घेतली.

संध्याकाळी भाजी निवडताना डोक्यात प्रकाश पडला. टकळी त्या वेळी आत बाहुलीची शाळा घेत बसली होती. अखंड बडबड, आणि मला घर चिडीचूप वाटलं! पंख्यासारखी तीही मला ऐकू येईनाशी झाली आहे. हसू आलं, जरा लाजही वाटली.

रविवार

टकळी गप्प आहे. रुसली म्हणावं तर ओठ हलताहेत. नवरोबा म्हणाला, नाटकं करतेय. मी गुदगुल्या केल्या. हसली, अंग घुसळून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आवाज नाही.

सोमवार

डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. बाहेर पडताना तिच्या हातातली स्टीलची बाटली सुटली आणि जिना उतरत खालपर्यंत गेली. जरासुद्धा वाजली नाही.

साहेबांना विचारलं, हे यंत्र आधी कोण वापरायचं. ते डोकं खाजवत राहिले. होतं कोणीतरी, म्हणाले, खुर्ची आहे म्हणजे असणारच.

बुधवार

नवरोबाने दोनच ताटं वाढली. मी अंगावर धावून गेले. तो ओशाळला, विसरलो म्हणाला. टकळी त्याच्या शेजारीच उभी होती, त्याचा सदरा ओढत.

गुरुवार

चहा ढवळता ढवळता तो म्हणाला, आपल्याला एखादं मूल असतं तर बरं झालं असतं. सहज म्हणाला. ती त्याच्या मांडीवर बसली होती.

मलाही सकाळी — ते छोटं अंथरूण कोणाचं, ते आठवेना. क्षणभरच. पण आठवेना. फार भीती वाटते आहे.

शुक्रवार

पार्श्वभूमी पुन्हा घ्यायची. ती घरात नसताना. नवी घेतली की जुनी पुसली जाते. नवरोबाला फिरायला पाठवलं, तिचं मनगट ओढणीने त्याच्या मनगटाला बांधलं. कशाला, म्हणाला. मी म्हटलं, माझ्यासाठी.

यंत्र सतरंजीवर ठेवून बटण दाबलं. बाहेर पळायचं होतं — गॅलरीचं दार अडकलं. जोर लावला, उघडेना. यंत्र चालूच. श्वास रोखला. छातीतली धडधड कशी रोखू —

थोड्या वेळाने

जिन्यावर तीच! बडबड, प्रश्नांवर प्रश्न! नवरोबा वैतागून म्हणतोय, टकळे, दम घे जरा. टकळे म्हणाला! मी ढसाढसा रडले. तिला पोटाशी धरलं. या यंत्राची ब्याद पुन्हा कोणाच्या मागे नको. हातोडा घेतला, फरशीवर ठेवून फोडलं. ठिकऱ्या झाल्या.

फरशीवर हातोडा — एकदाही वाजला नाही.

शनिवार

बोलते आहे. ओरडते आहे. घसा सोलून निघाला. नवरोबा म्हणतो, रुसलीस का.

चिठ्ठी लिहून दिली. वाचली. हसला. खिशात — मग विसरला.

मंगळवार

दोन ताटं.

बुधवार

मी तिची वेणी घालते आहे. तिला वाटतं वारा —

बडबडते आहे. किती गोड. एकही शब्द आता सोडत नाही मी. बाबाला विचारते आहे, सगळ्या मुलांना आई असते, मग मलाच का —