यादीतला अनोळखी फोन

राजेश्री,

पहिल्या एसटीनं जिंतूरला जायलोय, सांजच्याला येईन. तुला उठवलं न्हाई. चहा थर्मासात हाय.

तुझ्या मोबाइलचं वायफाय आता चालू केलंय. बंद मीच केलं होतं. मागच्या महिन्यात तुझ्या खोलीत रेंज वाढवायचा डबा लावला ना, त्याचा घोळ हाय. रविवारी राउटरला जोडलेल्या फोनांची यादी बघितली तर त्यात एका फोनचा अनोळखी पत्ता. मला वाटलं, शेजारचं कुणीतरी फुकट वापरायलंय. रागारागात ब्लॉक करून टाकलं. काल अपेक्षानं फोन करून मलाच झापलं, "बाबा, चार दिवस झाले, आईला व्हॉट्सॅपवर फोन लागत न्हाई!" तवा डोक्यात उजेड पडला. तुझा फोन त्या डब्यातून आला की डबा राउटरला त्याचा पत्ता दुसराच सांगतो. मग मी यादीत लिहून ठेवलेलं तुझं नाव तिथं येतच न्हाई.

चूक माझीच. पण चार दिवस वायफाय बंद, अन् तू एका शब्दानं बोलली न्हाईस. लेकीशी बोलतानाचं तुझं हसणं भिंतीपलीकडून यायचं, ते थांबलं हे मला कळलं होतं. मीबी विचारलं न्हाई.

आज अपेक्षाला फोन कर. जमलं तर पुढच्या खोलीत बसून कर. तिथं डबा मधे येत न्हाई, यादीत तुझं नाव दिसतं. तू अंथरूण मागच्या खोलीत नेल्यापासून ते दिसलं न्हाई.