कुसूचा वरचा दात

ता. ३ जानेवारी १९३३

आज कुसूने वाटी संपवली. सबंध. शेळीचं दूध, वावडिंग घालून उकळलेलं. शांताला हिवताप येऊन गेल्यापासून तिचं दूध लेकीला पुरत नाही, आणि चमचा दिसला की आमची नात तोंड फिरवते. सौ. थकली, शांता रडकुंडीला आली. शेवटी मी मांडीवर घेतली आणि भुजंगप्रयात सुरू केला. नुसता ताल, शब्द नाहीत. लगागा, लगागा, लगागा, लगागा. शेवटच्या 'गा'ला तोंड उघडतं, चमचा आत.

शाळेत जन्मभर वृत्तं शिकवली. एवढ्या चटकन कोणाला उमगली नाहीत.

सौ. म्हणाली, "अहो, ती तुमच्या मिशांना हसून तोंड उघडते." असेल. वाटी रिकामी झाली हे खरं.

ता. ५ जाने.

नाचणीचं सत्त्व. अर्धं पोटात, अर्धं माझ्या धोतरावर.

लाळ फार. माझ्या उपरण्याचं टोक चावून चावून दोरी केली आहे. दूध झालं की मलमलीची चिंधी कोमट पाण्यात भिजवून बोटाला गुंडाळतो आणि हिरड्या पुसतो. शांता म्हणते, "अप्पा, दात नाहीत तोवर घासता काय?" म्हटलं, पाटी कोरी असतानाच पुसायची सवय लावावी.

संध्याकाळचा गिरणीचा भोंगा झाला की मान दाराकडे. मामा येणार. वासू फिटर आहे, हात कितीही धुतले तरी तेलाचा वास जात नाही, आणि हिला तोच वास आवडतो. त्याच्या हातून तालबील काही न लागता खाते. थोडा हेवा वाटतो. खोटं का लिहू.

उष्टावण संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी ठरलं. सातवा महिना, मुलीला चांगला. खिरीचा पहिला घास मामाचा. सौ.ने आतापासून तांदूळ निवडून ठेवले.

ता. १० जाने.

चिंधी फिरवताना बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. तांदळाच्या कणीएवढं. इतका आनंद झाला, की हाक मारणार होतो. मग लक्षात आलं, बोट वरच्या हिरडीवर आहे. खाली पुन्हा पुन्हा चाचपलं. खाली काही नाही.

शांता दारात होती. "मला कालच कळलंय," एवढंच बोलली.

वरचा दात आधी आला तर मामाला जड. आमच्या घरात मामा म्हणजे वासू. त्याच्याआधीचे दोघे गेले. सौ. त्यांची नावं अजून उच्चारत नाही.

मी मानत नाही. पण सौ.ला सांगायला जीभही उचलली नाही.

ता. १२ जाने.

फुटलं. पारू दूध घालायला आली, कुसूला गुदगुल्या केल्या. ती खदखदून हसली.

"आवं आजी, वरचा दात आलाय की पोरीला. लई ग्वाड दिसतोय."

सौ.ने दूध मापून घेतलं, भांडं आत नेलं. संध्याकाळी वासू हात धुऊन कुसूकडे निघाला तशी मध्ये उभी राहिली. "आजपासून तिला घेऊ नकोस. तोंडही बघू नकोस."

वासूला आधी थट्टा वाटली.

ता. १५ जाने.

काल संक्रांत. कुसूला बोरन्हाण घातलं. हलव्याच्या दागिन्यांत अशी दिसली, की मनातल्या मनात चार आर्या जुळवल्या. लिहीपर्यंत दोन विसरलो. चुरमुऱ्यांत बसून टाळ्या पिटत होती. वासू तेवढा वेळ गड्ड्याच्या जत्रेत एकटा हिंडून आला. तिच्यासाठी भिंगरी आणली, ती ओसरीवर ठेवून जेवायला बसला, भिंतीकडे तोंड करून.

भोंगा झाला की मान अजून दाराकडे वळते. मामा येतो, मामा जातो. आज वाटी लाथेने उडवली. लगागाही चालेना. पहिल्या 'ल'लाच ओठ घट्ट.

ता. १७ जाने.

पोर उतरली आहे. मांडीवर घेतली की कळतं.

शांता म्हणते बार्शीला सासरी जाते. "माझी लेक ह्या घरात भावाची वैरीण ठरली. इथं कशाला ठेवू तिला?" पाणी-बदल, त्यात ही खात नाही. आत्ता कशी पाठवायची?

सौ.शी बोललो. दात हाडाचा, हाडाला मामा ठाऊक नसतो वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचं बरोबर असेल. पण ते दोघे गेले तेव्हा माझ्या मांडीवर होते, तुम्ही शाळेत होतात."



ता. १९ जाने.

सौ.नेच तोड काढली. तिच्या माहेरी असं करत: काशाच्या वाटीत तेल घ्यायचं, त्यात मामाने भाचीचा दात आधी बघायचा, मग तोंड. वाटी भाचीला द्यायची. दोष तेलात राहतो.

वासू ऐकेना. "मी माझ्या भाचीकडे चोरासारखा तेलातून बघणार नाही. बघेन तर समोर बघेन, नाहीतर बघायचं नाही." आवाज चढला. हा मुलगा लहानपणी कविता म्हणताना थरथरायचा. रागावायला हवं होतं मला. छाती फुगली.

आणि सौ.चाही राग येत नाही. एवढं भिऊनही तिने वाट शोधलीच ना.

ता. २१ जाने.

वासू सकाळी कामावर जाताना काशाची वाटी चिंचेने घासत बसलेला दिसला. लख्ख केली. आईकडे दिली नाही, कोनाड्यात ठेवली आणि गेला.

सौ.ने दिवसभर त्या कोनाड्याकडे पाहिलं नाही. तिथून तीनदा गेली तरी.

ता. २२ जाने. रविवार

उष्टावण झालं.

वासू पाटावर, पुढ्यात तेलाची वाटी. शांता कुसूला घेऊन मागून आली, वाटीवर वाकवलं. सौ. देवाकडे तोंड करून उभी. कुसूला तेलात कोणीतरी दिसलं असणार. तिने सरळ पंजा घातला आत. तेल हिंदकळलं, तोच पंजा मागे वळून वासूच्या नाकावर.

"दिसला का रे?" सौ.ने न वळता विचारलं.

"दिसला."

वाटीत काही दिसण्याजोगं उरलं होतं का, मला सांगता येणार नाही. मी त्याला विचारलं नाही, विचारणारही नाही.

मग खीर. मामाचा घास. तिने खीर घेतली आणि बोटही सोडेना. वासू कळवळला. "अप्पा, चावते हो." एका दाताने. शांता कितीतरी दिवसांनी हसली. मी लगेच चिंधी भिजवून आणली, गोड खाल्लं म्हणून. दात पुसताना चमकला. चांदीच्या चमच्याने हळूच वाजवून पाहिला. टिण्. असा शुद्ध गुरू मी वर्गात कधी ऐकला नाही.

ता. २५ जाने.

मऊ भात, वरणाचं पाणी, तूप. खाते. गालावर तेज. पारूला दाखवली, म्हटलं बघ. "मास्तर, नात दाखवताय का साळंचा निकाल?" म्हणाली.

शांताने बार्शीचं नाव काढलं नाही. तिथली मंडळी पुढल्या महिन्यात न्यायला येतील ते येतील.

सौ. मात्र वासू कामावर निघाला की वळणापर्यंत बघत राहते. पूर्वी बघत नसे.

ता. ३० जाने.

वासूला कालपासून कणकण. आज अंथरुणात. गिरणीत गार वाऱ्याला बसला असेल, सगळ्या गावाला पडसं आहे. सौ.ने काढा दिला. शांता कुसूला घेऊन परसात जाऊन बसली, आपणहून. तिचं तोंड मला बघवेना.

भोंगा झाला. कुसूने दाराकडे मान वळवली. मामा घरातच आहे हे तिला काय ठाऊक.

सौ. परसात गेली. मला वाटलं आता शांताला काहीतरी बोलेल. कुसूला तिच्या मांडीवरून उचललं, वाटी घेतली, आत वासूच्या अंथरुणावर नेऊन बसवली. "माझ्या हातून खात नाही ही. भरव तू. पण तोंडावर खोकू नकोस तिच्या."

कुसूच्या खालच्या हिरडीवर आज पांढरी रेघ दिसते आहे. उद्या सांगेन.

आतून वासूचं लगागा ऐकू येतंय. दुसरा 'गा' तोकडा पडतो त्याचा, पण चमचा वाजतो आहे. सौ. अजून बाहेर आलेली नाही.