आठवी ‘ब’मधली रिकामी जागा

सर्वण, डिचोली
२४ जानेवारी १९८९

सौ. शालिनीवहिनींना पद्माचा नमस्कार. सगुण आणि सुमंगला या जुळ्या राजेमंडळींना आत्याकडून पापे.

तुमचं अंग आता कसं आहे? दूध पुरतं का? सगुण अजून रात्रीचा किरकिरतो का? तुमची आई असती तर हे बाळंतपण फोंड्यालाच झालं असतं आणि तुमचे असे हाल झाले नसते. बारशाला तुम्ही हिरवी साडी नेसून बसलात खऱ्या, पण डोळ्यांखाली झोप दिसत होती.

त्या दिवशी मी न जेवता निघाले. पुढची बस चुकेल असं दादाला सांगितलं. वास्कोहून दिवसभर बसेस असतात, तेव्हा तुमचा विश्वास बसला नसणार. पानं मांडलेली असताना नणंद उठून जाते म्हणजे काय, असं बायका म्हणाल्या असतील. मला क्षमा करा. कारण लिहायलाच बसले आहे, पण आधी थोडं माझ्याविषयी.

बी.एड.चं माझं बरं चाललंय असं दादाला सांगते. खरं सांगायचं तर पहिले दोन महिने रडत काढले. वर्गात सगळी बावीस-तेविशीची मुलं, आणि मी छत्तिशीची. खाणीच्या काट्यावर बारा वर्षं ट्रकांची वजनं केली, ड्रायव्हरांशी भांडले, पण चाळीस मुलांसमोर खडू हातात घेऊन उभी राहिले तेव्हा पाठ केलेलं पहिलं वाक्यसुद्धा विसरले. सरावाचे पाठ घ्यायला मला जयराम सरांचीच शाळा मिळाली, ती दादाच्या ओळखीने. सर तिथले मुख्याध्यापक आणि त्याचे वर्गमित्र. जूनमध्ये त्यांच्याकडे भूगोलाची जागा रिकामी होणार आहे, आणि ती माझीच, असं त्यांनी दादाला सांगून ठेवलंय. तुम्हाला हे सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे.

आठवी ‘ब’ला माझा पहिला धड झालेला पाठ होता खनिजं आणि बंदरं. खाणीतून माल कसा निघतो, नदीतल्या बार्जमधून मुरगाव बंदराला कसा जातो, तिथून बोटीने जपानला कसा पोचतो, हे मी सांगितलं. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर मधल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, मग ती माती परत कधी आणून देतत?”

वर्ग हसला. मी हसले नाही. बारा वर्षं ती माती मी तोलली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. निरीक्षणाला आलेल्या मॅडमनी माझ्या पाठावर पहिल्यांदा ‘चांगला’ असा शेरा दिला, तो त्या मुलीमुळे. तिचं नाव यशोदा. बाप भिकाजी, दोडामार्गकडचा, खाणीवर मजूर. पाठीला मार बसल्यापासून घरी असतो.

डिसेंबरात ती यायची बंद झाली. हजेरी घेताना मी रोज तिचं नाव घ्यायचे आणि मुली रोज एकमेकींकडे बघायच्या. शेवटी मी तिच्या घरी गेले. तिची आई पार्वती म्हणाली, पोर पाव्हण्यांकडे गेलाहा. कुठे, विचारलं तर चुलीतली लाकडं सारखी करू लागली.

वहिनी, तुमच्याकडे चहाचा ट्रे घेऊन जी मुलगी बाहेर आली, ती यशोदा.

जयराम सर दादाशेजारी कोचावर बसले होते. ते मला म्हणाले, ओळखलंस ना, आपल्याच शाळेतली, एकदा सांगितलं की पुरे, पुन्हा सांगावं लागत नाही. दादा म्हणाला, सरांनीच हिला मिळवून दिलं, माझं मोठं काम केलं. दोघेही चांगल्या मनाने बोलत होते, हेच मला अजून सोसत नाही. यशोदा माझ्यासमोर आली, ट्रे खाली केला आणि हळूच म्हणाली, “बाई, तुमचो पाठ झालो?”

आदल्या आठवड्यात माझा निरीक्षणाचा पाठ होता. तो ती असताना ठरला होता.

मी काय केलं ते लिहिते. मी “हो” म्हटलं आणि कप उचलला. जूनमधली जागा माझ्या डोळ्यांसमोर होती आणि सर समोर बसले होते. चहा पूर्ण प्यायले. मग आत तुमच्याजवळ येऊन बाळांना पाहिलं. तिथे मोरीशी ती लंगोट पिळत होती, कोपरापर्यंत हात लाल झाले होते. त्यानंतर मला जेवणं शक्य नव्हतं.

तुम्हाला मदत लागते, हे मला कळतं. दोन बाळं, दादाची बंदरावरची पाळी, घरात दुसरी बाई नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. पार्वतीची नणंद शांता विधवा आहे, अंगाने धडधाकट, तुमच्याकडे यायला तयार आहे. मी तिच्याशी बोलले. येत्या रविवारी मी तिला घेऊन येते आणि यशोदाला परत नेते. वार्षिक परीक्षेला अजून वेळ आहे, तिचं वर्ष वाचेल.

हे दादाला लिहायला हवं होतं. पण दादा ‘बघू’ म्हणेल, आणि त्याचं ‘बघू’ आपल्या दोघींना ठाऊक आहे. म्हणून आधी तुम्हाला सांगितलं. तुम्ही नाही म्हणालात तरी मी येणार आहे.

तुमच्या उत्तराला भ्यालेली,
पद्मा


सर्वण, डिचोली
११ जून १९८९

तीर्थस्वरूप दादास, पद्माचा साष्टांग नमस्कार.

माझ्या हातचं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला ठेवशील, असं मला वाटतं. ठेवलंस तरी नंतर कधीतरी उघड.

बी.एड.चा निकाल लागला. दुसरा वर्ग मिळाला. उद्यापासून पेडण्याच्या एका शाळेत रुजू व्हायचंय. जागा कायमची नाही, एका बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत तोवरची. पहाटे निघून म्हापशाला बस बदलावी लागेल. जयराम सरांच्या शाळेतली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, हे तुला माझ्याआधी कळलं असेल.

बी.एड.च्या परीक्षेचा पाठ मात्र त्यांच्याच शाळेत, आठवी ‘ब’वर झाला. सर मागे बसले होते. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, कडक. घाईघाईत फळ्यावर नदी काढली ती गटारासारखी दिसली. यशोदा मधल्या बाकावर होती. तिने एकही प्रश्न विचारला नाही. ती वास्कोला घरकामाला होती हे शाळेत सगळ्यांना कळलं होतं ना, म्हणून ती मान खाली घालून बसायची. पाठ संपल्यावर सर मला व्हरांड्यात म्हणाले, “तू एका पोरीसाठी भाऊ घालवलास, पद्मा.” मी फळा पुसायला वर्गात गेले. त्यांनी माझे गुण कापले असं मी म्हणणार नाही. त्यांनी ते केलं नाही, हे मला नंतर कळलं. ते वाईट नाहीत, दादा. त्यांना खरंच वाटत होतं की गरिबाघरची मुलगी तुझ्या घरी चांगलंचुंगलं खाईल.

आता जानेवारीतलं सांगते, कारण ते तुला चुकीचं ठाऊक आहे. वहिनीला मी फितवलं, असं तू अंगणात उभा राहून गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालास. मी रविवारी येणार होते. शनिवारी दुपारी मी पाठाची टाचणं काढत बसले होते, तेव्हा वहिनीच दारात आली. कडेवर सुमंगला, मागे यशोदा, तिच्या खांद्यावर सगुण. वास्कोहून तीन बसेस बदलून. तोंड उन्हाने काळवंडलेलं. मी पाणी दिलं. ती ओट्यावर टेकली आणि तिने एवढंच सांगितलं, “ह्यांनी मला सांगितलं होतं, हिने शाळा सोडलीय. मी हिला विचारलं. ती म्हणाली, शाळेन माका सोडला.”

पाणी पिऊन झाल्यावर तिने आणखी एक वाक्य म्हटलं, ते मी तुला सांगणार नव्हते. “खोटं त्यांनी माझ्याशी बोलायला नको होतं, मी नाही म्हटलं नसतं.” म्हणजे बघ, तू खरं सांगितलं असतंस तर ती मुलगी कदाचित अजून तुझ्याकडे असती. मला हे वहिनीचं आवडलं नाही. पण ती खरं बोलली.

दुसऱ्या दिवशी तू आलास आणि वहिनीला म्हणालास, ती पोर परत येईल तेव्हाच तू ये. वहिनी आत गेली, ती इथेच राहिली. पुढे यशोदाच्या जागी कामाला म्हणून शांता वास्कोला तुझ्या दारापर्यंत आली होती, तिला तू उंबऱ्यावरूनच परत पाठवलंस. तू रागात होतास. बहिणीने आणि बायकोने मिळून आपल्याला चारचौघांत उघडं पाडलं, असं तुला वाटलं. वाटणारच. तुझी मान मुरगावच्या धक्क्यावर किती ताठ आहे ते मला माहीत आहे.

मी काही मोठं जिंकले असं समजू नकोस. भिकाजी चार दिवसांनी काठी टेकत आला आणि मला म्हणाला, “बाई, शाळा शिकान आमचा प्वाट भरतला काय?” दुसऱ्या दिवशी मी खाणीवर गेले. काट्यावरच्या जुन्या ओळखीने शांताला खाणीच्या कँटीनमध्ये काम मिळालं, तेव्हा कुठे त्यांची चूल रोज पेटू लागली. यशोदा आठवी पास झाली. गणितात कशीबशी. जूनला नववीत बसली आहे. पुढे दहावी होईल की मध्येच कुणी उठवेल, मला सांगता येत नाही.

दादा, आता जे लिहायचंय ते आतापर्यंत टाळलं. वहिनी शेजारच्या खोलीत आहे, तिला मी हे लिहितेय ते माहीत नाही.

एप्रिलमध्ये सगुणला ताप आला. तो आधीच अशक्त. अंग तापून झटके आले, तेव्हा आम्ही त्याला जीप करून म्हापशाच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, बापाला बोलवा. मी तुझ्या ऑफिसात फोन लावला, तू बोटीवर होतास. जयराम सर त्याच दिवशी वास्कोला जाणार होते, म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडून निरोप दिला. सर “सांगतो” म्हणाले.

तू आला नाहीस. आम्ही तिथे आठवडाभर होतो. वॉर्डाच्या दारात कुणाची पावलं वाजली की वहिनी मान वर करायची. तिसऱ्या दिवसानंतर तिने ते सोडलं. पोर वाचलं. आता पुन्हा हसतो, पालथा पडतो, सुमंगलेचा खुळखुळा ओढून घेतो. घरी आल्यापासून वहिनीने तुझं नाव एकदाही घेतलेलं नाही. आधी रागाने का होईना, घ्यायची.

ती समजते की निरोप तुला मिळाला होता.

मी सरांना विचारायला दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. ते ‘सांगितलं होतं’ म्हणाले असते तर मी तिला काय तोंड दाखवलं असतं? आणि ‘विसरलो’ म्हणाले असते, तर एवढे दिवस मी गप्प राहिले त्याचं काय? बारशाला मी भीतीने गप्प बसले होते. त्यातून शहाणी झाले असं वाटलं होतं. झाले नाही. म्हणून आज तुलाच विचारते, सरळ: तुला निरोप मिळाला होता का?

मिळाला असेल, तर उत्तर लिहू नकोस. आम्ही तिघी आणि तो मुलगा, आमचं आम्ही बघू. मी तिला कधी सांगणार नाही की मी विचारलं होतं.

मिळाला नसेल, तर पत्र लिहीत बसू नकोस. सुट्टी काढ आणि ये. यशोदाचं नाव काढू नकोस, माझ्यावर रागावायचं असेल तर नंतर रागाव, मी कुठे जात नाही. आल्यावर आधी आतल्या खोलीत जा.

आत्ता वहिनी दारात येऊन विचारून गेली, कुणाला लिहितेस. तुला, म्हणून सांगितलं. ती जायला वळली. काही सांगायचंय का, मी विचारलं. म्हणाली, “लिही, दोघांना दात येताहेत.”

तुझ्या उत्तराची नव्हे, तुझी वाट पाहणारी,
धाकटी बहीण,
पद्मावती