तुळईचं लाल फडकं

आल्या आल्या आधी हे वाचा, आणि मधल्या खोलीत पाऊल टाकू नका. भाकरी चुलीजवळ टोपल्याखाली आहे, ती ओट्यावर बसून खा. सासूबाई शेजारी सुगराबीकडे आहेत. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

छताच्या धाब्यावर पावसाळ्यासाठी खाऱ्या मातीचं ओझं चढवायच्या आधी तुम्ही युसूफ मिस्त्रींना घर बघायला सांगितलं होतं, ते आज आले. त्यांनी सगळं लाकूड ठोकून पाहिलं आणि मधल्या तुळईच्या लाल फडक्यापाशी थांबले. "भाभी, ही पूजेची गाठ. तुम्हीच सोडा." मी सोडली. वास्तूचा नारळ हातात आला आणि मागे सांधा दिसला. तुळई अखंड नाहीच. दोन तुकडे खिळ्यांनी जोडलेत, मधे माझी बोटं जातील एवढी फट. पोरीची झोळी तिलाच बांधलेली होती.

घर बांधताना माझ्या भावालाच सुतारकाम द्या, असा हट्ट मीच धरला. तुळई चढवल्यावर अभिमन म्हणाला होता, "अक्का, हाई फडकं कधी सोडू नको, घरनी लक्ष्मी जाई." म्हणून दसऱ्याला सासूबाई ते विटकं फडकं बदलायला निघाल्या, तेव्हा मी त्यांच्यावर खेकसले. त्या रडल्या. तुम्हाला मी ते सांगितलं नाही.

पोरीला घेऊन माहेरी एरंडोलला जाते आहे. उद्या अभिमनला घेऊनच येईन. तुम्ही त्याला एका शब्दानंही बोलू नका. भाऊ म्हणून त्याला गोडाचं जेवण वाढीन, पाट मात्र त्याच तुळईखाली मांडीन. एक त्याचा, शेजारी माझा.

ताईबाई